मागूर कुठं सापडतो: मृग ते नवतपा, तलावाच्या नोंदी

८ जून

काल मृग लागला. पाऊस नाही. पाळीवरून पाहिलं तर तलावाचं पाणी मधल्या खोलगट भागात गोळा झालेलं, भोवती भेगा पडलेला गाळ.

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं लोक जैवविविधता नोंदवहीतला माशांचा भाग माझ्याकडे सोपवला आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं अशी नोंदवही प्रत्येक गावानं करायची आहे. आमच्या जुन्या कच्च्या यादीत रोहू, कतला आणि मृगळ एवढीच नावं होती, म्हणजे मच्छीमार संस्था जे बीज विकत आणून सोडते तेवढीच. जे मासे कुणी सोडत नाही आणि तरी असतात, त्यांचा उल्लेख नाही. मी मिशीवाल्या माशांपासून सुरुवात करते आहे: मागूर, शिंगी, टेंगरा, वांज आणि शिवडा. ते वर्षभर कोणत्या नक्षत्रात कुठं असतात हे लिहायचं आहे. नुसत्या नावांच्या यादीनं कुठली जागा राखायची ते कळत नाही.

तलाव मालगुजारी काळातला, कोहळी समाजानं बांधलेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत, नवेगावबांध त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. आमचा त्यामानानं लहान. भरला की पाळीजवळ पुरुष बुडून वर हातभर पाणी, आणि वरच्या अंगाला, जिथं नाला येतो तिथं, गुडघाभरसुद्धा नाही. कोहळ्यांनी एका बाजूला पाळ घातली आणि दुसरी बाजू जमिनीच्या उतारावर मोकळी सोडली. मिशीवाल्या माशांचं सगळं वर्ष या मोकळ्या बाजूवर चालतं असं माझे मोठेबाबा सांगतात. ते जन्मभर याच पाण्यात डोंगा चालवत आले. त्यांचं म्हणणं खरं का, हे मोजून पाहायचं आहे.

ठिकाणं ठरवली: पाळीखालचा डोह, दगडी तुडुमाची (शेतीला पाणी सोडायच्या दाराची) जागा, सलंग (जादा पाणी बाहेर जायची वाट), देवधानाचा (आपोआप उगवणाऱ्या रानभाताचा) काठ, नाल्याचं तोंड, आणि वरच्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं). साधनं: दोरीला बांधलेला थर्मामीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनची थेंब टाकून मोजायची किट, खुणा केलेला बांबू, आणि पाण्याची गढूळता पाहायला काळी-पांढरी रंगवलेली थाळी. पावसाळ्यात जाळं टाकायचं नाही, ही अट मी स्वतः घातली आहे.

११ जून

पहाटे डोहावर. किटवर ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास. रोहूची पिल्लं तोंड पाण्याबाहेर काढून तशीच तरंगत होती, ही गुदमरण्याची खूण. मागूर तसा राहत नाही. तो खालून सरळ वर येतो, एक घोट हवा घेतो आणि शेपटीचा फटकारा मारून खाली जातो. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला एक अवयव असतो, त्यातून तो हवेतला ऑक्सिजन घेतो. शिंगीला त्याच कामासाठी दोन लांब पिशव्या असतात, कल्ल्यांपासून पाठीच्या स्नायूंतून मागं शेपटीकडे गेलेल्या. टेंगरा, वांज आणि शिवडा यांना असं काही नाही, त्यांना पाण्यातलाच ऑक्सिजन पुरवून घ्यावा लागतो. म्हणजे मिशा सगळ्यांना असल्या तरी उन्हाळ्यात हे दोन वेगळे गट होतात. नोंदवहीत ते वेगवेगळे लिहीन.

१९ जून

काल दुपारपासून रात्री उशिरापर्यंत धो धो पाऊस. नाला वाहू लागला. रात्री मोठेबाबा, मी आणि संस्थेतले दोघं नाल्याच्या तोंडाशी गेलो. बॅटरीवर लाल कागद लावला होता. मोठेबाबांनी आधीच बजावलं होतं, पाय आपटत चालू नका. मिशीवाल्या माशांची हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीनं कानाशी जोडलेली असते, जमिनीचा धक्का त्यांना लगेच कळतो. रोहूच्या कुळातही तशीच साखळी आहे, पण रात्री काठावर आलेल्या मागूरच्या बाबतीत ही गोष्ट हाताशी असलेली बरी.

"पानी जिकडून येते तिकडं तो जाते," मोठेबाबा म्हणाले. "तू तलावात नोको पाहू, पान्याच्या मांगं जा."

मांगं गेलो तर खरंच, तलावात काही नव्हतं. नाल्याच्या बाजूला, बांधीच्या फुटलेल्या धुऱ्यातून (बांधातून) जे घोट्याएवढं पाणी खाली येत होतं त्यात मागूर चढत होते. काही ठिकाणी पाणी इतकं कमी की पाठ उघडी. ते छातीच्या पराचे काटे जमिनीत रोवून आणि अंग वळवून पुढं सरकत होते. एक नर-मादीची जोडी धुऱ्यावरच्या ओल्या गवतातून पलीकडच्या बांधीत उतरली. मादीचं पोट फुगलेलं.

हे नवं पाणीच त्यांना हलवतं. आठवडाभर पाणी ३३-३४ अंश होतं, काल रात्री नाल्यात २६. तापमान उतरलं, पाणी पातळ झालं, वाहू लागलं, वरच्या मातीचा वास घेऊन आलं. मत्स्यबीज केंद्रात हे सगळं एकत्र जमवून आणणं अवघड, म्हणून तिथं मागूरच्या मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देतात, आणि नराचं वीर्य दाबून निघत नसल्यानं त्याचे वृषण कापून काढावे लागतात. प्रत्येक वेळी नर मरतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं मागूरचं बीज तयार करण्यावर पुष्कळ काम केलं आहे, तरी हे बीज रोहूसारखं स्वस्त नाही. आणि इथं पहिल्या पावसाच्या रात्री, एका फुटक्या धुऱ्यातून, हे फुकट होत असतं.

गावातली पोरं काठ्या आणि टॉर्च घेऊन आली होती. चढणीचे मासे मारणं सगळ्यात सोपं, कारण तो पळत नाही. मोठेबाबांनी त्यांना हाकललं नाही. एकाच्या हातातली मादी घेतली, पोटावरून बोट फिरवलं, दोन दाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "हे सोडशील तं दिवाळीच्या मांगंपुढं तुले टोपलंभर भेटन." पोरानं मादी बांधीत सोडली. बाकीच्यांनी किती सोडल्या ते अंधारात दिसलं नाही. मला या एका रात्रीची खरी काळजी वाटते. रोहूची मादी किलोमागं लाख-दोन लाख अंडी देते. मागूरची मादी काही हजार. चढणीला मारलेल्या मादीची भरपाई कुणी करत नाही.

शिवडा दिसला नाही. मोठेबाबा सांगतात तो चढतो, पण बांधीत जात नाही. तलावाचं पाणी वाढून जे गवत नव्यानं बुडतं तिथपर्यंत येतो आणि तिथंच अंडी टाकतो.

२ जुलै

पाणी बांबूवर चार हात वाढलं. थाळी एक वितीवर दिसेनाशी होते, सगळं गढूळ. डोहात हवा घ्यायला कुणी येत नाही. मागूर तलावाबाहेर आहे.

१७ जुलै

रोवणं (धानाची लावणी) चालू. आमच्या वरच्या बांधीत मोठी आई आणि बायका चिखलात होत्या, आणि धुऱ्याच्या बुडाशी मागूरचं घर सापडलं. पाण्याखाली वीतभर खोल, हात जाईल एवढं गोल भोक, कडेला गवताची मुळं. आत नर. मी बोट पुढं केलं तर तो पळाला नाही, उलट तोंड पुढं करून आला.

"त्याले हात नोको लावू, तो बसला हाये," मोठी आई म्हणाली. रोवणाऱ्या बायकांना ही भोकं ठाऊक असतात. त्या धुऱ्याच्या बाजूची एक ओळ सोडून रोवतात. कुणी त्यांना शिकवलेलं नाही आणि हे कुठं लिहिलेलंही नाही, म्हणून आज लिहिते.

मागूरची अंडी चिकट असतात, बाजरीच्या दाण्याहून लहान, मुळांना चिकटून राहतात. या ऊबेत साधारण दिवसभरात फुटतात. पिल्लं पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर तीन-चार दिवस काढतात, तोवर नर दारात असतो. त्यांच्या अंगात हवा घेण्याचा अवयव लगेच काम करत नाही, त्याला दहा-बारा दिवस तरी लागतात. तेवढा काळ त्यांना पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. म्हणून बांधीतलं पाणी उथळ, हलतं आणि गवताळ हवं. तलावाच्या डोहात ही पिल्लं जगली नसती.

इथं एक गोष्ट आमच्या घरापासून सुरू करायची आहे. रोवणीनंतर आठवड्याभरात तणनाशक पडतं. धुऱ्याच्या कडेचा हातभर पट्टा आम्ही यंदा फवारलेला नाही, तण हातानं काढलं. शेजारच्या दोन बांध्यांनीही तयारी दाखवली. इतरांशी बोलणं चालू आहे.

२१ ऑगस्ट

मघा. संस्थेनं आज बोटुकली (माशांची पिल्लं) सोडली, रोहू-कतला-मृगळ. सोडण्याआधी बैठक झाली आणि त्यात जुनाच मुद्दा निघाला: मिशीवाले सगळे मासेखाऊ, बोटुकली गिळतात, आधी ते काढून टाका. मी नोंदी घेऊन गेले होते, बोलू दिलं.

शिवडा गिळतो, हे खरं आहे. त्याचं तोंड डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेलं असतं, मीटरभराहून मोठा होतो, रात्री माशांवरच जगतो. वांजही लहान मासे खातो. पण मागूर आणि शिंगी तळातले किडे, अळ्या, गोगलगायी, गांडुळं आणि कुजका पाला खातात. संध्याकाळी बाजारात कापलेल्या मागूरांचे कोठे मोठेबाबांनी उघडून दाखवले होते, त्यात भिंगोट्यांच्या अळ्या आणि चिखल होता, एकात धानाचे दाणे. बोटुकलीही बोटभर झालेलीच सोडली तर शिवड्याचं नुकसानही कमी होतं. जिऱ्याएवढं बीज सोडलं तर टेंगरासुद्धा खाईल. संस्थेच्या अध्यक्षांनी बोटुकलीचा आकार तपासून घ्यायचं मान्य केलं. मागूर-शिंगी काढायचा विषय तिथं थांबला.

दुसरा विषय मीच काढला. बाजारात बाहेरून येणारा मोठा मागूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेचा. केंद्रानं २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानंही तेच बजावलं. तो दोन-तीन किलोचा सहज होतो आणि सगळंच खातो. त्याची पिल्लं आणि आपल्या मागूरची पिल्लं एका टोपल्यात असली तर वरवर ओळखू येत नाहीत. कुणी स्वस्तात "मागूरचं बीज" देतो म्हणाला तर घ्यायचं नाही, असा ठराव लिहून घेतला. आपला मागूर आज धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. शिवडा असुरक्षित. बैठकीत ही दोन वाक्यं मी मोठ्यानं वाचली, कारण आमच्या तलावात हे दोन्ही मासे आहेत आणि त्यांच्याबद्दल गावात अभिमानाचा एक शब्द कुणी बोलत नाही.

२९ सप्टेंबर

हस्त. सलंगावरून पाणी जातं आहे. हा वर्षातला सगळ्यात अवघड काळ, मासा सगळीकडे आहे आणि दिसत कुठंच नाही. पाणी सव्वा वीत निवळलं.

डोंग्यातून वनस्पतींचा नकाशा केला. नाल्याकडच्या अंगाला देवधान, त्याच्या आत कमळ, मग पाण्याखाली वाढणारी गाद ही वनस्पती. पाळीजवळ मोकळं पाणी. एका कोपऱ्यात बेशरम ही तणासारखी वाढणारी वनस्पती शिरली आहे. तिच्या खाली पाणी काळं, किटवर ऑक्सिजन दीडवर, आणि तिथं एक टेंगराही नव्हता. देवधानाच्या काठावर त्याच सकाळी ऑक्सिजन साडेपाच मिलिग्रॅम. शिंगीची पिल्लं, करंगळीएवढी, देवधानाच्या बुडाशी हवा घ्यायला येताना दिसली. पंधरा मिनिटं एका जागी बसलं की गुळगुळ असा बारीक आवाज कळू लागतो.

बेशरम उपटण्याचं काम महिला बचत गटाकडं द्यावं असं सुचवलं आहे. ती फुलायच्या आत, मुळासकट, आणि काठावर न टाकता वाळवून जाळायची. तुकडा पाण्यात पडला की पुन्हा फुटते.

१८ ऑक्टोबर

हलका धान कापणीला आला, बांध्यांचं पाणी काढणं सुरू झालं. वर्षाचा दुसरा मोठा प्रवास हाच, आणि जूनइतका तो लोकांच्या लक्षात नसतो. बांधी फोडली की मागूरची पिल्लं, आता वीतभर झालेली, पाण्याबरोबर खाली येतात. जूनमध्ये त्यांचे आईबाप पाण्याच्या विरुद्ध गेले होते, आता पिल्लं पाण्यासोबत उतरतात. दोन्ही वेळा वाट तीच फुटक्या धुऱ्याची.

लोक या फोडीवर बांबूचा सापळा लावतात आणि सगळं टोपल्यात. तो त्यांचा हक्क आहे, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ही घरची भाजी आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच विचारून पाहिलं की सापळा रात्रीच लावा आणि दिवसा फोड मोकळी ठेवा. आमच्या ओळीतल्या बांध्यांनी तसं केलं. खालच्या वळणावर, जिथं सगळं पाणी एकत्र होतं, मी संध्याकाळपासून बसले होते. पाण्यासोबत मागूर, शिंगी, टेंगरा, दोन-तीन मरळ आणि पुष्कळ झिंगे खाली गेले. इथं बसल्यावर तलावाची हद्द कुठं संपते हे सांगता येईना. सातबाऱ्यावर ती पाळ आणि पाणपसाऱ्यात आखलेली आहे. मासा बांधी, फोड, नाला आणि पाणपसारा यांत फरक करत नाही. नोंदवहीच्या नकाशात मी वरच्या बांध्यांची ओळ तलावाच्याच रंगात दाखवणार आहे.

२३ नोव्हेंबर

सारस पक्ष्यांची एक जोडी नाल्याकडच्या ओल्या बांधीत. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आमचाच भाग, म्हणून कामाशी संबंध नसला तरी लिहून ठेवते. ती जागाही तीच, उथळ आणि मोकळी.

१४ डिसेंबर

थंडी. पहाटे काठावर पाणी साडेचौदा अंश, पाळीखालच्या डोहात तळाशी अठरा. उथळ पाणी रात्री लवकर थंड होतं, खोल पाणी ऊब धरून राहतं. दुपारी दोन वाजता उलट: काठावरच्या काळ्या गाळावर चोवीस, डोहात एकोणीस.

मासा या फरकावर चालतो. पहाटे देवधानात कुणी नाही. डोहावर अर्धा तास बसल्यावर एखादा मागूर वर आला. थंड पाण्यात अंगाचा खर्च कमी आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर (आज साडेसहा), त्यामुळं हवेला यायची गरजच कमी पडते. दुपारी दोन ते चार शिंगी उन्हातल्या उथळ चिखलात येते आणि ऊन उतरलं की पुन्हा आत. टेंगरा तसाच. गरीला लागायचं तर हीच वेळ. मोठेबाबा थंडीत सकाळी कधीच गरी टाकत नाहीत, जेवून मग निघतात. मी लहानपणी समजत होते की त्यांना थंडी वाजते म्हणून. थर्मामीटरच्या चार ओळींनी ते काय करत होते हे मला कळलं.

ढगाळ आणि वाऱ्याच्या दिवशी हा दुपारचा फेरा होत नाही.

६ जानेवारी

थंडीची लाट. नोंद करण्यासारखं काही नाही. डोहातच.

२६ फेब्रुवारी

धान निघाला, उन्हाळी धानासाठी पाणी सोडणं सुरू. तुडुम उघडं. जुनी दगडी पायऱ्यांची रचना, एकेक भोक उघडत खाली जायचं, म्हणजे वरचं गरम पाणी आधी निघतं. तुडुमाच्या दगडांत, पाणी खेचलं जातं तिथं, शिवडा असतो. आज डोंग्यातून त्याची पाठ दिसली, हाताहून लांब. वाहत्या पाण्यासोबत बोटुकली ओढली जाते, ती त्याला आयती मिळते. पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगणारा मोठा मासा असल्यानं हलतं पाणी त्याच्या सोयीचंही.

शिवडा आमच्याकडे दरवर्षी नसतो. ज्या साली तलाव आटतो त्या साली तो मरतो, मागूरसारखा चिखलात तग धरत नाही. पुन्हा येतो तो बाहेरून. आमचा नाला पुढं गाढवी नदीच्या बाजूला उतरतो, इटियाडोहचं धरण त्याच नदीवर आहे. सलंग वाहत असताना खालून वर येणारा मासा सलंगाच्या पायथ्याशी थांबतो. सलंग पूर्वी दगडांच्या उताराचा होता, आता सिमेंटची उभी भिंत आहे. भिंतीच्या एका अंगाला दगड रचून तिरपा उतार केला तर शिवड्याला वर येता येईल. खर्च ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांचा.

२० मार्च

संस्थेची मोठी ओढजाळी. पाणी कमरेएवढं. मी तराजू घेऊन काठावर. रोहू-कतला-मृगळ संस्थेच्या वहीत जातात, मिशीवाले माझ्या वहीत. टेंगरा सगळ्यात जास्त, नंतर शिंगी. मागूर ओढजाळीत कमीच येतात, जाळ्याची खालची दोरी आली की चिखलात तोंड खुपसतात. त्यामुळं जाळ्यातल्या वजनावरून मागूर किती आहेत ते ठरवू नये. पहाटे हवा घेणारे मोजणं त्यापेक्षा बरं.

एका पोराला शिंगीचा काटा लागला. छातीच्या पराच्या काट्यात विष असतं, हात कोपरापर्यंत ठणकतो. चुलीवरच्या पाण्यात, सोसवेल इतक्या गरम पाण्यात, हात अर्धा-पाऊण तास धरायला लावला. ते विष उष्णतेनं निकामी होतं. पाणी आधी आपण स्वतः पाहून घ्यायचं, बधिर हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर दवाखाना. हे नोंदवहीत शिंगीच्या पानावर लिहिणार आहे.

१२ एप्रिल

ग्रामसभा. विषय: तलावातला गाळ काढणे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि गाळ शेतात टाकला की धानाला फायदा होतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मी गाळ काढण्याच्या बाजूची आहे. तलाव खरंच भरत आला आहे. प्रश्न कुठून काढायचा हा. आलेल्या आराखड्यात सगळीकडे सारखी खोली, नाल्याकडची बाजू उभी कापून, आणि चारही अंगांना दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर).

सरपंचबाई म्हणाल्या, "गाळ तं काढाच लागते. तू म्हणतेस का नोको म्हणून?"

मी म्हटलं, "काढा बाई, पाळीकडून काढा."

मग नकाशा भिंतीला लावला आणि वर्षभराच्या नोंदी महिन्यामहिन्यानं बोटानं दाखवल्या. पाळीकडच्या अर्ध्या भागातून गाळ काढा, डोह हवा तेवढा खोल करा, उन्हाळ्यात शिवड्याला आणि रोहूला तोच वाचवेल. नाल्याकडच्या उताराला हात लावू नका. तिथं उभी भिंत झाली तर जूनमध्ये मागूर वर चढणार नाही आणि ऑक्टोबरला उतरलेली पिल्लं देवधानाशिवाय उघड्या पाण्यात पडतील. देवधान उथळात उगवतं, पुरुषभर पाण्यात उगवत नाही. दगडी पिचिंग पाळीच्या आतल्या अंगाला करा, तिथं लाटा लागतात. काठाला करू नका. आणि एक गोष्ट वेळेची: मे महिन्यात जेसीबी लावणार असाल तर वाळलेल्या गाळाच्या थराखाली, ओलाव्यात, मागूर दडलेला असतो. त्या भागातला गाळ ट्रॅक्टरमध्ये भरून शेतात गेला की मासाही शेतात जातो.

बराच वेळ वाद झाला. वरच्या बांधीवाल्यांना उतार कापून जास्त पाणी साठायला हवं होतं. मोठेबाबा उठले. त्यांनी माशाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं की उतार कापला तर नाल्याचा गाळ पहिल्याच पावसात कुठं जाऊन बसेल. तो आता देवधानात अडतो. उद्या थेट डोहात जाईल आणि पाच वर्षांत पुन्हा ग्रामसभा. यावर बोलणारे गप्प झाले.

ठराव: पाळीकडचा भाग या उन्हाळ्यात. नाल्याकडच्या बाजूचा निर्णय पुढं ढकलला. मला तो रद्द झालेला हवा होता. त्यासाठी पंचायत समितीच्या अभियंत्यांना जागेवर आणून उतार दाखवायचा आहे, आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला नकाशासह पत्र द्यायचं आहे.

९ मे

जेसीबी पाळीकडून सुरू. गाळ काळाभोर, शिंपल्यांनी भरलेला. चालकाला सांगून ठेवलं आहे, ओला थर लागला की थांबायचं आणि आम्हाला हाक मारायची. आज दोनदा हाक आली. निघालेले मागूर आणि शिंग्या पाणी भरलेल्या टोपल्यांतून डोहात सोडल्या. चालकाला त्यातले दोन मागूर आग्रहानं दिले.

२७ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी पाणी ३६ अंश, पहाटे २८. पहाटेचा ऑक्सिजन दीड. नवा खोल डोह टिकून आहे, त्याच्या कडेला पंधरा मिनिटांत हवा घेणारे मोजता मोजता पुरे झाले, गेल्या जूनमध्ये जुन्या डोहावर याच्या निम्मेही नव्हते. पण हे पाणी आकसल्यामुळं एका जागी गोळा झालेले मासे आहेत, वाढ झाली असा याचा अर्थ काढता येत नाही. तुलना पुढच्या वर्षी, बांबूवर पाणी तेवढंच असेल त्या दिवशी करायची.

नाल्याकडच्या वाळलेल्या उतारावर चिखलात जिथं भोकं आहेत तिथं बांबूच्या काड्या रोवल्या, म्हणजे ट्रॅक्टर तिकडून जाणार नाहीत.

नोंदवहीचं मागूरचं पान आज भरलं. शास्त्रीय नाव क्लॅरियस मागूर. आढळ: जून ते ऑक्टोबर धानाच्या बांध्या आणि नाला, ऑक्टोबर ते डिसेंबर देवधानाचा काठ, डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे डोह, दुपारी उथळ काठ, मार्च ते जून डोहाचा तळ आणि ओला गाळ. धोके: चढणीच्या रात्रीची मार, धुऱ्यावरचं तणनाशक, बेशरम, नाल्याकडचा उतार कापणं, आफ्रिकन मागूर. माहिती देणाऱ्यांच्या रकान्यात मोठेबाबांच्या जोडीला रोवणाऱ्या बायकांचीही नावं टाकली, घराची भोकं त्यांनीच दाखवली होती. शिंगी आणि टेंगरा यांची पानं या आठवड्यात होतील. वांजचं पान अर्धं आहे, त्याचं पावसाळ्यातलं ठिकाण अजून पक्कं झालेलं नाही, ते मृगात पाहायचं.

अभियंता ३ जूनला येणार आहेत.